मानेतला आवाज

माझे वडील जहाजाच्या इंजिनरूममधून निवृत्त होऊन रत्नागिरीत परतले, तेव्हा त्यांना दिवसाला सिगारेटचं एक पाकीट लागत असे. ऐंशीच्या दशकातल्या एका एप्रिलमध्ये ओटीवर पेपर वाचताना त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे वरून पडदा उतरला आणि काही मिनिटांनी वर गेला. त्यांनी निदान केलं : पित्त. पुढच्या आठवड्यात डाव्या हातातून चहाचा कप निसटला. निदान : रात्री हात अंगाखाली आला होता.

आईने त्यांना दवाखान्यात नेलं. रक्तदाब चढलेला होता. डॉक्टरांनी स्टेथॉस्कोप मानेला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मेंदूला रक्त नेणारी मानेतली रक्तवाहिनी चरबीच्या थराने अरुंद झाली आहे, असं त्यांनी सांगितलं. तो थर तडकून त्याचा तुकडा वर मेंदूत गेला की अर्धं अंग जातं. डोळा आणि हात ही पूर्वसूचना होती. मुंबईला दाखवा, म्हणाले. वडिलांनी साफ नकार दिला. मग डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली, सिगारेट बंद करायला सांगितलं आणि साखर व कोलेस्टेरॉलसाठी उपाशीपोटी रक्त द्यायला सांगितलं.

"आंबा संपू दे," वडील म्हणाले.

आंबा जूनमध्ये संपला. मग तयारी सुरू झाली. आठ दिवस पेज आणि उकडलेलं पडवळ. मासळी, खोबरं, साखर बंद. सिगारेटसुद्धा बंद.

"अहो, परीक्षेला बसलायत काय?" आई म्हणाली. "रक्त तपासायचंय, नवरा मुलगा दाखवायचा नाही."

"तुला काय कळतं गो? रिपोर्ट चांगला यायला नको?"

रिपोर्ट चांगला आला. वडिलांनी तो शेजाऱ्यांना नेऊन दाखवला आणि परतताना सिगारेट ओढत आले. जेवताना सोड्यांचं कालवण दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून विचारलं, "काका, रक्त द्यायच्या आधी काय खात होतात?"

वडिलांनी अभिमानाने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला रोजचं अंगण बघायचं होतं. तुम्ही पाहुणे येणार म्हणून सारवून दाखवलंत."

"म्हणजे रिपोर्ट खोटा?"

"खरा आहे. त्या आठ दिवसांपुरता. आणि तो थर उद्या तडकेल की दहा वर्षं तसाच राहील, हे सांगणारी रक्ताची तपासणी माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही अजून."

त्यांनी स्टेथॉस्कोप वडिलांच्या कानांत घातला आणि दुसरं टोक वडिलांच्याच मानेवर टेकवलं. जन्म वाफेच्या नळांमध्ये काढलेला माणूस आतली सूं-सूं ऐकत राहिला.

"व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे," ते म्हणाले. या वेळी पित्ताचं नाव निघालं नाही.

बाहेर पायरीवर येताच त्यांचा हात खिशात गेला.

"आठ दिवस राहिलात ना सिगारेटवाचून?" आई म्हणाली. "रिपोर्टासाठी जमतं, जिवासाठी जमत नाही?"

तिने हात पुढे केला. वडिलांनी त्यावर काडेपेटी ठेवली. पाकीट ठेवलं नाही. आईने हात मागे घेतला नाही.