चंद्रावती स्वतःची गाडी स्वतः घरी आणते

घरी गाडी जो चालवत आणतो, गाडी त्याचीच होते, हा धडा चंद्रावतीने चांगलाच गिरवला होता. नवरा वारला तेव्हा त्याचा टेम्पो पनवेलच्या एका गॅरेजमध्ये उभा होता. मोठे दीर काळूराम म्हणाले, "मी घेऊन येतो, तू कुठं जाशील?" ते घेऊन आले ते स्वतःच्याच दारात. पुढच्या दिवाळीला टेम्पोच्या काचेवर त्यांच्या मुलाचं, निकेशचं नाव झळकलं. चंद्रावती मात्र सुक्या मासळीच्या टोपल्या रिक्षात कोंबून बाजार करत राहिली. बोलायची सोय नव्हती, कारण बळकावलं असं कोणी म्हणतच नव्हतं. सगळे म्हणायचे, घरातलीच तर गाडी आहे.

म्हणून तिने स्वतःच्या कमाईची मोटारसायकल घ्यायचं ठरवलं, तेव्हाच दुसरंही ठरवून टाकलं. पनवेलच्या शोरूमपासून शिरढोणच्या आपल्या अंगणापर्यंत हँडलला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. उरणला माहेरी मासळी आणायला गेली की मिठागराच्या बांधावर ती भावाची जुनी मोटारसायकल शिकायची. दोनदा चिखलात लोळली, कोपर सोलून घेतलं, पण लायसन काढूनच थांबली. ही गोष्ट सासरी तिने कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर लायसनच्या आधी सल्लेच मिळाले असते.

गाडी घ्यायच्या दिवशी काळूराम आणि निकेश न बोलावता रिक्षात बसले. चंद्रावतीने त्या दिवशी मुद्दाम पंजाबी ड्रेस घातला होता. साडी नेसली असती तर तिला अडवायला एक कारण फुकटात मिळालं असतं. शोरूममध्ये कागदांवर सह्या तिच्या झाल्या, पण विक्रेत्या पोराने गाडी समजावली ती निकेशला. ब्रेक, बटणं, दिवे, सगळं त्याला. चंद्रावती पुढे सरकली तर तो हसून म्हणाला, "मावशी, तुमच्यासाठी मागे साडीगार्ड बसवलाय. पाय अगदी सेफ."

"मागं कोन बसनार हाय?" चंद्रावती म्हणाली. पोराला वाटलं मावशी विनोद करतात.

हार-नारळ झाल्यावर निकेशने गॉगल चढवला. तो बसणार इतक्यात ती टांग टाकून बसलीसुद्धा. "भाऊजी, गाडी मी चालवनार हाय. निकेश, यायचं तर माज्या मागं बस."

काळूरामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "चंद्रावती, लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या. लोकांना काय, आज ना उद्या म्हनायचंच हाय."

तिने बटण दाबलं. गाडी छान सुरू झाली. क्लच दाबून पहिला गिअर टाकला आणि गाडी फट्कन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा गिअर, पुन्हा बंद. शोरूमची माणसं बाहेर येऊन उभी राहिली. समोरचा रसवाला चरक थांबवून बघू लागला. चंद्रावतीच्या कानशिलांवरून घाम वाहू लागला. भावाच्या गाडीने असला दगा कधी दिला नव्हता.

"सरक काकी, तुला नाय जमनार," निकेशने हँडल धरलं. "उतर, मी दाखवतो."

उतरायचं नाही. आत्ता उतरलं तर जन्मभर खालीच उभं राहायचं, हे तिला लख्ख कळलं. तिने निकेशकडे रोखून पाहिलं. आणि तिला दिसलं, की पठ्ठ्याचे डोळे गाडीच्या डाव्या बाजूला खाली जातायत आणि तो गालातल्या गालात हसतोय. तिने वाकून पाहिलं. स्टँड! स्टँड खालीच होतं. नव्या गाड्या स्टँड खाली असलं की गिअर टाकताच बंद पडतात. विक्रेत्याने हे सांगितलं ते निकेशला. आणि या पोराने ते पोटात ठेवून काकीची फजिती बघितली!

तिचा असा संताप झाला की भीती कुठल्या कुठे गेली. तिने टाचेने स्टँड उडवलं, निकेशचा हात हँडलवरून झटकला आणि गाडी रस्त्यावर घातली.

चालवली काही झोकात नाही. शेजारच्या पंपावर पेट्रोल भरून निघाली ती दुसऱ्या गिअरमध्ये, आणि तिसरा टाकायचं धाडस बराच वेळ झालं नाही. इंजिन नुसतं बोंबलत होतं. पळस्प्याच्या फाट्यावर कंटेनरवाले ट्रेलर दोन्ही अंगांना येऊन उभे राहिले आणि गाडी नेमकी तिथे बंद पडली. मागून हॉर्नचा कल्लोळ. एका कारवाल्याने काच खाली करून विचारलं, "घरी कोणी पुरुष माणूस नाही का?"

"हाय ना," ती म्हणाली. "रिक्षातून येतोय."

गाडी सुरू करून ती पुढे निघाली, ते रस्त्याची कड धरून थेट शिरढोणपर्यंत.

रिक्षा आधीच पोचली होती. अंगणात आळीतल्या बायका जमल्या होत्या आणि मोठी जाऊ मालू ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिने गाडीला कुंकू लावलं, आरती फिरवली. मग ताट चालवणाऱ्यापुढे न्यायचं, तर चालवणारी विधवा. मालूचा हात तिथेच थांबला.

"बास झालं आता," काळूराम म्हणाले. "चंद्रावती, उतर. नवी गाडी गावदेवीच्या पायावर घालायची हाय. निकेश नेईल."

निकेश पुढे आला. चंद्रावतीने इंजिन चालूच ठेवलं. हँडलवरच्या मुठी सैल केल्या नाहीत. "देवीला पन मीच नेनार."

मालूने नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग बोट कुंकवात बुडवून तिने ते चंद्रावतीच्या कपाळावर चांगलं ठसठशीत टेकवलं, ताट निकेशच्या हातात दिलं आणि पदर खोचून जावेच्या मागे बसली.

"चल गो," ती म्हणाली. "आनि निकेश, तू ताट घेऊन मागून चालत ये."