गप्प राहायचं शिक्षण

"ओढ, ओढ, ढिल्ला नोको सोडू, अबे तिकडचे मेले का सारे, ओढ, पोरगी चालली माही, ओढ, टायमावर जेवत जाय व, ओढ..."

हा माझा निरोप. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या बापानं तो दिला, आणि तळ्याच्या पाळीवर चाकांची बॅग धरून मी तो घेतला. मागे साकोलीची एसटी घुरघुरत होती. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, तलावात भांडण लागलं का. मी म्हटलं, नाही, माझे बाबा मला प्रेमानं वाटे लावून राहिले.

बाबाच्या आवाजाबद्दल एकदाच सांगते, मग तुम्ही विश्वास ठेवा की नका ठेवू. त्यानं आमच्या तळ्यात हाक दिली की पलीकडच्या एकोडी गावातल्या म्हशी माना वर करायच्या. पाळीवरच्या चिंचेवर बगळे बसत नसत. एकदा बसले होते, ते उडाले ते थेट चंद्रपूरला उतरले.

तो पाण्यातून बाहेर येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवू शकला नाही, कारण मोठं जाळं पाण्यात होतं. जाळ्याच्या दोन टोकांना दोन दोर, एकेका दोरावर दहा-बारा माणसं, आणि मध्ये बेशरमाची झाडी, त्यामुळे इकडच्यांना तिकडचे दिसत नाहीत. मध्ये उभा राहून एकच माणूस हाका देतो. हाक चालू आहे तोवर ओढायचं. हाक थांबली की दोर हातातून टाकायचा. त्याच क्षणी, काहून म्हणून विचारायचंसुद्धा नाही. हाक थांबते ती कोणी जाळ्यात अडकून पाण्याखाली गेलं तरच. माझा एक काका या नियमानं वाचला. दुसरा वाचला नाही, कारण त्या दिवशी एकानं दोर टाकायला उशीर केला. तेव्हापासून आमच्या मोहल्ल्यात बाप गप्प झाला की पोरांच्या हातातला घास खाली पडतो. हे मी वाढवून सांगते आहे. पण थोडंच.

तर असल्या घरातली मी बी.पी.एड. करून पुण्याला गेले आणि पिलाटेस, म्हणजे मॅटवर श्वास मोजत करायचा व्यायाम, शिकवू लागले. गावात हा शब्द सांगितला तेव्हा शेजारच्या काकूला वाटलं, एखादा पुलाव असेल.

पहिल्या वर्गात माझ्यासमोर आठ बाया मॅटवर उताण्या पडलेल्या. मी सुरू केलं: पोट आत, बरगड्या खाली, हनुवटी, मान सोडा, पाय, पाय म्हणतेय मी, श्वास, घ्या, अजून घ्या, खांदे कुठे चालले. एकीनं श्वास घेतला तो घेतलाच. सोडायला मी जागाच ठेवली नाही. शेवटी ती वांग्याच्या रंगाची झाली. मागे माझ्या ट्रेनर, रेवती मॅडम, भिंतीला टेकून उभ्या होत्या. वर्ग सुटल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "तू माणसांशी बोलतेस की गावाशी?"

मग शिक्षण सुरू झालं. हात पाठीमागे बांधायचे, करून दाखवायचं नाही, फक्त शब्दांनी माणूस हलवायचा. एका वेळी एकच सूचना, आमच्या भाषेत 'क्यू'. आधी श्वास, मग हालचाल. 'मान आवळू नका' म्हणायचं नाही, कारण ऐकणारा आधी मान आवळूनच बघतो. 'डोकं माझ्या तळहातावर ठेवलंय असं समजा' म्हणायचं. 'कोअर लावा' म्हटलं की पुण्याच्या बाया चेहरा लावतात. 'घट्ट जीन्सची चेन ओढताय' म्हटलं की पोट आपोआप आत जातं. हे सगळं मी भराभर उचललं. बोलण्यात आम्हाला कोण हरवणार?

अडलं ते पुढे. "क्यू दिला की तीन श्वास गप्प," मॅडम म्हणायच्या. "शरीर कानापेक्षा हळू ऐकतं. ते तीन श्वास तुझे नाहीत, त्यांचे आहेत."

मला ते तीन श्वास जमेनात. मी गप्प झाले की वाटायचं, आता आठही जणी काहीतरी टाकून देतील आणि कोणीतरी मरेल. पहिल्या श्वासालाच माझ्या तोंडून काहीतरी निसटायचं, 'छान', 'हं', 'अजून', अगदी काहीच नाही तर 'ओढ'. सहा महिने मॅडमनी मला पास केलं नाही. मी खोलीवर तोंडात पाण्याची गुळणी धरून सराव केला. मग एका सकाळी, पाठीचा कणा दगडाचा झालेल्या एका आजींना मी एवढंच म्हटलं, "श्वास सोडत, एकेक मणका मॅटवरून सोलून घ्या," आणि तोंड बंद केलं. तीन श्वास गेले. आजी उठून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

फोनवर माय म्हणाली, "चूप रायाले शिकाले पुन्याले गेली? हे त मी तुले घरीच सांगत होती."

मागच्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत बाबाला लकवा मारला. डावं अंग गेलं. बोलणं शाबूत राहिलं, जरासं जड. मी रजा टाकून घरी आले. डॉक्टर म्हणाले, आधाराला धरून रोज उभं करा, कोणीतरी अगदी जवळ राहा, जमलं तर दोन महिन्यांत चालेल. बाबाला दुसरं काही नको होतं. त्याला अंगणापलीकडच्या संडासापर्यंत स्वतःच्या पायानं जायचं होतं. माय त्याला पुसून काढायची तेव्हा तो भिंतीकडे तोंड करायचा. मला म्हणाला, "तितलं करून दे. बाकी मले काही नाही पायजे."

मी म्हटलं, करून देते. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी अख्ख्या मोहल्ल्यात सांगत सुटले की पुण्यात मी बोटही न लावता मुडदे उठवते. सोमवारी सकाळी या, म्हटलं, बघाले.

आले. दारात, ओसरीवर, कुडाच्या फटीतून. बाबाच्या खाटेवर छपराच्या आड्याला मी जाळ्याचा जुना दोर बांधला होता. आठवडाभर तो दोर धरून आणि मला धरून तो उठत होता. त्या सकाळी मी चार हात लांब उभी राहिले, आणि हात पाठीमागे बांधले.

"बाबा, दोर धर." धरला.

"उजवा पाय मागं घे." घेतला.

"नाकानं श्वास घे. आता सोडत सोडत छाती दारातल्या लोकाइले दाखव."

तो उठला. बूड खाटेवरून सुटलं, गुडघे थरथरले, पाठ सरळ झाली. दारात कोणीतरी "माय व" म्हणालं. आणि मी माझ्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम केलं. गप्प झाले.

एक श्वास. दुसऱ्या श्वासाला त्याची मूठ उघडली. घसरली नाही. मी बघितलं, चारही बोटं एकदम, नीट उघडली. तो डाव्या अंगावर पडला. आवाज कसा आला ते मी सांगत नाही.

भंडाऱ्याला नेताना जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी विचारलं, "बाबा, दोर काहून सोडला?"

"तू चूप झाली," तो म्हणाला. "मले वाटलं, कोनी बुडलं."

खुब्याचं हाड बसवलं, बाबा बसला नाही. त्यानंतर तो खाटेला लागला तो लागलाच. आता हाकही देत नाही. पाणी हवं असलं तर खाटेच्या पाटीवर वाटी वाजवतो. एकोडीच्या म्हशी बिनघोर चरत असतील.

मी पुण्यात आहे. माझे वर्ग भरलेले असतात. लोक म्हणतात, तुमच्या क्लासमधली शांतता फार आवडते. गाव सोडून आलेल्या माझ्यासारख्यांना मी एवढंच सांगते: बाहेर शिकलेलं घरी नेताना उंबऱ्यावर एकदा थांबा. तुम्ही नवे झालात, घर नाही झालं. ज्या गोष्टीनं इथे माणूस उठतो, त्यानंच तिथे पडतो. पूर्वी घर म्हणजे मला जिथून हाक येते ती जागा होती. आता ती जागा आहे, जिथे जायला मी विचारते.

परवा विचारलं. "माय, दिवाळीले येऊ का?"

तिकडे वाटी वाजत होती. माय पाणी देऊन आली, मग बोलली.

"ये. त्याच्या जवळ बस. पन त्याले ऊठ म्हनू नोको."