लाडकीच्या धनुष्याला गोंडे

जिवल्याचं धनुष्य बांबूचं, जेमतेम छातीइतकं. झुडपात अडकू नये म्हणून आखूड. ससा दिसला की ओढायचं आणि सोडायचं, थांबायला सवड कुठली! लेकीचं धनुष्य मात्र तिच्याच उंचीचं. सुटे भाग जोडायचे, पुढे लांब दांडी, वर नेम धरायला चिमुकलं वर्तुळ. सात महिन्यांनी आश्रमशाळेतून आलेल्या लाडकीने अंगणात ते जोडून एक बाण सोडला, तेव्हा दोरी अशी वाजली की जिवल्या हसतच सुटला.

"ससा आवाजानंच पार डोंगरापलीकडं पळंल गो."

हसला खरा, पण तो आवाज त्याच्या मनातून जाईना. उद्या कोळगावच्या मैदानावर धनुर्विद्येच्या प्रशिक्षणासाठी निवड होती. तिची शाळा संपली होती; निवडली गेली तर दोन वर्षं पुण्याला, नाहीतर कायमची घरी. त्याला दोन्ही हवं होतं आणि दोन्ही मिळणार नव्हतं. पहाटे उठून त्याने बापाने शिकवलेल्या रीतीने तिच्या दोरीच्या दोन्ही टोकांना सावरीच्या कापसाचे गोंडे बांधले. आता दोरी वाजणार नव्हती. पोरीसाठी आपल्याला एवढंच तर येतं, असं त्याला वाटलं.

मैदानावर सरावाचे तीन बाण होते, ते गुणांत धरत नाहीत. पहिला नेमाच्या फळ्याच्या तळाशी लागला. दुसरा गवतात. फळा सत्तर मीटर दूर! जिवल्याचं सावज कधी वीस पावलांपलीकडे नसे, तेवढ्या अंतरात गोंड्यांचा भार कुणाला जाणवतो? इथे ते बाणाचा सगळा जोर खात होते. त्याला ते लगेच कळलं.

आणि तो गप्प बसला. जाऊ दे बाण खाली. संध्याकाळी दोघं बोईसरला उतरू, पाड्यापर्यंत चालत जाऊ, ती चुलीपाशी बसून बडबडत राहील. घरात लेक असावी, याची त्याला फार भूक लागली होती. तिसराही खाली गेला, तेव्हा मात्र त्याला राहवेना. तो कडेच्या दोरापाशी गेला.

"लाडके, त्यो कापूस काढ. माजी चूक झाली."

"ठावं हाय, बा. सकाळीच पायला. तू बांधलास म्हनून सरावापुरता ठेवला."

तिने गोंडे सोडवून त्याच्या हातात दिले आणि ती रांगेत परतली.

संध्याकाळी निवडलेल्यांच्या यादीत तिचं नाव तिसरं होतं. जिवल्याने ते शेजारच्या माणसाकडून दोनदा वाचून घेतलं. मग लेकीला हळूच विचारलं, पुण्याला बापाला भेटायला देतात का.