पेंटरची चूक आणि माझी

ही गोष्ट बायकोला ठाऊक नाही, मुलीला नाही, ज्यांच्याबरोबर स्टाफरूममध्ये इतकी वर्षं डबा खाल्ला त्यांनाही नाही. कागदावर ती आज पहिल्यांदाच उतरते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं कदाचित जमेल. जमेल ना? बघतो.

मी नागपूरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. ‘समाजवादाचे प्रवाह’ हे प्रकरण मी चांगलं शिकवतो असं म्हणतात. दर वर्षी कोणीतरी हात वर करून विचारतंच — सर, समाजवाद आणि साम्यवाद यांत नेमका फरक काय? आणि मी फळ्याकडे वळतो. खडू शोधायचा असतो असं नाही. तोंड लपवायचं असतं.

का, ते सांगतो. पण आधी त्या खोलीबद्दल सांगू द्या.

गांधीबागेत गोविंदरावांचं कापडाचं ठोक दुकान होतं. रविवारी दुकान बंद असायचं, आणि दुपारी त्याच्या माडीवर, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये, आम्ही चौघं बसायचो. नव्या कापडाला खळीचा एक वास असतो. अजूनही कुठे तो आला की मी उगाच थांबतो. खालून तर्री-पोहे यायचे आणि मग भांडण — केवढं भांडण!

भांडणाचा विषय बहुतेक एकच : माग कोणाचा असावा? कारण वासू उमरेडचा, विणकराच्या घरातला. पुस्तकातून कोणताही विचार निघाला की तो विचारायचा, ह्यानं माह्या बापाच्या मागाचं काय होईन ते सांग. गोविंदराव म्हणायचे, मालकाचं मन बदललं पाहिजे. धन आपलं नाही, आपण त्याचे राखणदार, हे त्याला उमगलं की मारामारी कशाला? ते स्वतः मालक होते आणि खरंच तसे वागायचे, त्यामुळे त्यांना हसताही येत नसे. देशकर पोस्टात होते. त्यांचा विश्वास मतपेटीवर — निवडून या, कायदे करा, कर लावा, शाळा-दवाखाने सगळ्यांचे करा, शंभर वर्षं लागली तर लागू देत. आणि मी? मी त्या खोलीतला सर्वांत लाल. मन-बिन बदलत नसतं, मालकी बदलावी लागते. सत्ता कामगारांच्या हाती, माग राज्याचे, आणि पुढे कधीतरी राज्यही विरून जाईल. हे मी गठ्ठ्यावर मूठ आपटून सांगायचो. वासू पोहे खात सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, “सरकारच शेठ झालं तं मंग आमी कोनापाशी भांडाचं गा?” त्याला माग विणकरांचाच हवा होता — दहा घरांनी मिळून चालवलेला, एका घराला एक मत. कोणी दया म्हणून दिलेला नको, कोणी हिसकावून आणून दिलेलाही नको.

चौघंही स्वतःला समाजवादीच म्हणवत होतो. मग फरक कशाचा? आता वाटतं, तो भरवशाचा होता. गोविंदरावांचा भरवसा माणसाच्या मनावर, देशकरांचा कायद्यावर, माझा सत्तेवर. वासूचा शेजारच्या माणसावर. आणि माडीवर त्याच्या शेजारी मी बसायचो.

एकदा आम्ही जाहीर व्याख्यान ठेवलं. फलक रंगवून आणायचं काम वासूकडे होतं. पेंटर बिचारा सेलचे बोर्ड रंगवणारा. त्यानं ‘समाजवादी अभ्यास मंडळ’च्या जागी ‘साम्यवादी अभ्यास मंडळ’ रंगवून दिलं. अक्षरं मोठी, सुरेख, लालभडक. देशकर हादरले. मी मात्र पोट धरून हसलो. म्हटलं, पेंटरनं एका फटक्यात तुम्हा तिघांना माझ्या बाजूला आणलं. दुसरा फलक करायला वेळ नव्हता. वासू म्हणाला, “राहू दे गा. त्याले फरक मालूम नाही, मनूनच तं आपन वर्ग घेऊन रायलो.” तोच फलक लागला. वासू बोलायला उभा राहिला, फोटो मी काढला. एका लहानशा वर्तमानपत्रात तो छापूनही आला : वर लाल अक्षरं, खाली हात उंचावलेला वासू.

मी त्यात कुठेच नव्हतो. फोटो काढणारा फोटोत नसतो.

वासू आणि मी तेव्हा एकाच कॉलेजात तासिकेवर शिकवायचो, म्हणजे तास असेल तोवर नोकरी. त्या वर्षी आमच्या विषयाची एक कायम जागा निघाली. दोघांनीही अर्ज केला. वासू माझ्यापेक्षा चांगला शिकवायचा. हे आज सुचलेलं नाही, तेव्हाही मला पक्कं माहीत होतं.

निकाल लागायच्या आधी संस्थेच्या सचिवांनी मला बोलावलं. टेबलावर ते कात्रण होतं. माणूस वाईट नव्हता — हे मी मुद्दाम लिहितो आहे — चिडलेलाही नव्हता. म्हणाले, वासुदेवांचं नाव पहिलं आहे. समाजवादी असतील तर आमची काही हरकत नाही, तो शब्द तर आपल्या घटनेतही आहे. पण हे जे लिहिलंय ते आमच्या मंडळींना चालणार नाही. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, “सर, तुम्ही ह्यातले जाणकार. हे दोन्ही एकच काय?”

एवढाच प्रश्न. आणि त्यांना खरंच उत्तर हवं होतं — फरक ऐकायला ते तयार बसले होते.

मी काय काय सांगू शकत होतो! पेंटरची चूक आहे, सर. चार शब्द. किंवा हे, की वासू राज्याच्या मालकीविरुद्ध आमच्याशी तावातावानं भांडतो. किंवा हे — की सर, तुम्ही ज्याला घाबरता तो माणूस त्या फोटोत नाही, तुमच्यासमोर बसलाय. जे दर रविवारी ओरडून सांगत होतो ते एकदा, हळू आवाजात, सांगायचं होतं.

मी म्हणालो, “एकच आहे, सर.”

त्यावर घसा साफ करून हेही म्हणालो, की नावं फक्त वेगळी असतात.

कारणं होती. ती मी इथे लिहीत नाही. लिहिली तर तुम्हाला पटतील अशी भीती वाटते.

जागा मला मिळाली. वासू उमरेडला परत गेला. मी माडीवर जाणं हळूहळू सोडलं — कधी पेपर तपासायचे असत, कधी पाहुणे येत. क्रांतीसाठी मी पुन्हा कुठेही मूठ आपटली नाही. आता ते प्रवाह माझ्या तोंडून कसे सुरळीत वाहतात, मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा, आणि वर्ग लिहून घेतो. कोणी अडवत नाही. कोणी म्हणत नाही, ते राहू दे, माह्या बापाच्या मागाचं सांग. खूप वर्षं मी समजत होतो की मला तरुणपणाची आठवण येते. नाही हो. मला एका माणसाची आठवण येते, जो माझं सगळं ऐकून घ्यायचा आणि मग नाही म्हणायचा. तसं ‘नाही’ मला पुन्हा कोणी म्हटलं नाही.

मागच्या हिवाळ्यात परीक्षेच्या कामानं उमरेडला जावं लागलं. काम दुपारीच आटोपलं. घर विचारत विचारत गेलो. दारात वासूच होता, केस पांढरे झालेले, पण हसणं तेच. आत वळून बायकोला म्हणाला, “पाह्य वं, कोन आलं. लाल बावटा आला नागपूरचा.” त्याची विणकरांची सोसायटी चालू होती. दहा घरं काही जमली नाहीत, आठ जमली. त्यातलीही दोन पुढे कोळसा खाणीकडे गेली. बैठका म्हणजे नुसती कटकट, तो सांगत होता, पण एका घराला एक मत अजून आहे. त्यानं मागावर चढवलेली साडी दाखवली. मी तिच्या काठावरून बोट फिरवलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. माग थांबलेला होता.

आता सांगावं, असं मनात आलं. मी सुरुवातही केली. म्हटलं, वासू, त्या कॉलेजच्या जागेच्या वेळी सचिवांनी मला बोलावलं होतं.

तो सुताच्या टोकाला गाठ मारत होता. वर न बघताच म्हणाला, “मालूम हाये गा मले. तू बोलला असशीन माह्यासाठी. त्यायनंच आयकलं नसन.”

मग त्यानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर शंका आहे का, हे मी शोधलं. नव्हती.

मी म्हणालो, “हो.”

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. वासूनं आपल्या हातानं बशीत ओतून माझ्याकडे सरकवला. मी तो प्यायलो. अजून घेता का, वहिनींनी विचारलं, आणि मी अजून घेतला.