देवांना बोलावणारी आत्या

ठाण्याजवळच्या आमच्या बाळकुम गावात तेव्हा लग्न भटजी लावत नसे, धवलारीण लावत असे. धवलारीण म्हणजे लग्नाची गाणी, म्हणजे धवले, गाणारी बाई. गावदेवीपासून खाडीपर्यंतच्या सगळ्या देवांना ती गाऊन लग्नाचं बोलावणं धाडते. देव आले की लग्न लागतं. माझी आत्या गावची धवलारीण होती. लवकर विधवा होऊन आमच्याच घरी परतलेली, तोंडाने फटकळ, आणि आवाज असा की ओटीवर गायली तर जाळं विणणारे हात थांबत. मी तिच्याच अंगाखांद्यावर वाढले. माझ्या लग्नात तीच गाणार, हे मी परकर नेसायच्या वयातच ठरवून टाकलं होतं.

मी कॉलेजात असताना गावातली एक मुलगी तिच्या विठ्ठलवाडीच्या मैत्रिणीला घेऊन आत्याकडे आली. दोघी ठाण्यात औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होत्या. गावातली मान खाली घालून म्हणाली, "आते, आमचं लगीन लाव."

आत्या हसली नाही, ओरडलीही नाही. तांदूळ निवडता निवडता तिने विचारलं, "नवरा कोन?"

"कोनीच नाय. दोगी बी नवऱ्या."

आत्याने विचार करायला वेळ मागितला आणि रोज गावदेवीच्या देवळात जाऊन बसू लागली. मग एक दिवस म्हणाली, "देवी नको बोल्ली नाय."

भर दुपारी आमच्या ओटीवर तिने दोघींना पाटावर बसवलं. अक्षतांचं ताट माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "आत्या, हळू गा गं, कुणी ऐकेल." तिने डोळे वटारले. "हलू बोलवला तं देवाला आयकू कसा जाईल?" आणि तिने खड्या आवाजात धवला सुरू केला. आळीतल्या बाया हात पुसत बाहेर आल्या. मांडव नाही, वाजंत्री नाही, मग लग्न कुणाचं?

संध्याकाळी देवळापुढे पंच बसले. धर्म बुडवला म्हणाले. त्यातल्या निम्म्या जणांची लग्नं आत्यानेच लावली होती. ती म्हणाली, "देवाना मी बोलवलेलं, ते आले. तुमाना कोनी बोलवलेलं?" माझे वडील, तिचा सख्खा भाऊ, जमिनीकडे बघत बसले होते. त्या सभेचा मला आजही संताप येतो. ठरलं असं, की आत्याने गावात धवला गायचा नाही. जो तिला गायला लावेल, त्याच्या लग्नाला गाव जेवणार नाही.

त्या दोघींनी दिवा स्टेशनजवळ भाड्याने खोली घेतली. थोड्याच दिवसांत गावातलीला भावांनी ओढत परत आणलं आणि कल्याणकडच्या एका मुलाशी तिचं लग्न ठरवलं. मग तेच पंच गोड तोंडाने आमच्या ओटीवर आले. झालं गेलं विसरू, तिच्या लग्नात तू गा, बंदी उठली असं समज.

"तिचं लगीन मी लावलंय," आत्या म्हणाली. "त्याच्यावर दुसरं कसं लावू?"

ते लग्न ठाण्याहून आणलेल्या भटजीने लावलं. ती मुलगी पहिल्या सणाला माहेरी आली आणि आमच्या ओटीवर आत्यापाशी येऊन बसली. त्यानंतर ती माहेरी कधी आली नाही. विठ्ठलवाडीची कुठे गेली, कळलं नाही.

गावाला मग भटजीचीच सवय लागली. माईकवरचे मंत्र कुणाला कळत नव्हते, पण लग्न झटपट उरकायचं.

माझं लग्न नव्वदनंतर ठरलं. हळदीच्या सकाळी मी आत्याचे पाय धरले. "चुलीपाशी बसून माझ्यापुरता म्हण गं. गावाला कळणार नाही." तिचे डोळे भरून आले. हळदीच्या हाताने तिने माझा गाल कुरवाळला.

"मोठ्यान गायले तं तुज्या लग्नाला गाव जेवनार नाय," ती म्हणाली. "आनि हलू बोलवले तं देव येत नाय गो बाय."

गाव जेवायला आलं. हॉल भरून गेला. भटजींनी घड्याळात बघून अक्षता टाकायला सांगितलं, कारण त्यांना डोंबिवलीचं दुसरं लग्न गाठायचं होतं. आत्या शेवटच्या रांगेत तोंड मिटून बसली होती. माझ्या लग्नाला देवांना कुणी बोलावलंच नाही.