४८१८ ची सोयरीक

"सोयरीक जमली!" असं म्हणून ते पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करायचे आणि मला किळस यायची. आज किळस येते ती माझीच मला. त्यांचं ते म्हणणं मी कायमचं बंद केलं.

माजिवड्याच्या कारखान्यात ते हेड ड्राफ्ट्समन, मी नवा इंजिनिअर. वर्तुळाचा पाय, सुवर्ण गुणोत्तर, लॉगरिदमचा ई, हे गणितातले आकडे त्यांना एकमेकांचे सोयरे वाटत. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. डबा खाता खाता भाकरीच्या तेलकट कागदावर आकडेमोड चाले. लसणाच्या चटणीचेच हात कॅल्क्युलेटरला.

"हे बघा, सुवर्ण गुणोत्तराचा वर्ग, गुणिले सहा, भागिले पाच. ३.१४१६! थेट पायच्या दारात!"

"काका, पाचव्या दशांशाला चुकतंय."

"असू दे हो. सोयरिकीत कुणीतरी नमतं घ्यायचंच."

एकदा मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "काका, परदेशात नवा स्थिरांक सापडलाय. ४.८१८."

आठवडाभराने ते धावतच कँटीनमध्ये आले. ओठ पेन्सिलीने काळे.

"जमली! ई गुणिले पायचं वर्गमूळ. बरोब्बर ४.८१८! या वेळी कुणाला नमतंही घ्यावं लागलं नाही!"

मी त्यांना खिडकीशी नेलं. खाली माझी स्कूटर उभी होती. नंबर ४८१८.

"काका, स्कूटरला मुलगी दिलीत की!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

ते नंबर प्लेटकडे बघत राहिले. "पण जुळलं तर होतं..."

"काहीही कशाशीही जुळतं, काका. शोधत बसलं की झालं."

"म्हणजे आधीची सगळी..." कागदाचा बोळा करून त्यानेच बोटं पुसली. रिटायर होईपर्यंत कॅल्क्युलेटर पुन्हा डब्याशेजारी दिसला नाही. बरं झालं, ते पेन्सिल चाटणं तरी थांबलं, असं तेव्हा मला वाटलं. हेही लिहायलाच हवं.

कारखाना बंद पडल्यावर, फार उशिरा, डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो. दारातच काकू हळू आवाजात म्हणाल्या, "आकड्यांचा विषय काढू नका हं. विजेचं बिलसुद्धा हल्ली मीच बघते."

चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. ते मला सोडायला खाली आले. स्कूटर पाहून थांबले.

"अजून तीच?"

वाकून त्यांनी नंबर प्लेटवरची धूळ अंगठ्याने पुसली.

"काका, तुमचं गणित बरोबर होतं. घाण मी केली, सगळ्यांसमोर. मला माफ करा."