डांबराचा वाटा

मे महिन्यात आमच्या किनाऱ्यावर डांबर येतं. रस्त्याचं नव्हे, जहाजांचं. लांबून जाणारी मोठी जहाजं टाक्या धुतात आणि ते घाणेरडं तेल गोळे होऊन आमच्या वाळूत पडतं. अनवाणी चाललं की तळव्याला चिकटतं, साबणाला दाद देत नाही, खोबरेल चोळत बसावं लागतं. आणि तो वास!

गेल्या मे महिन्यात ते बाबांच्या रापणीत भरलं. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोरांनी ओढायचं लांबच लांब जाळं. आमच्या वाडीत ही एकच उरली होती, बाकीच्यांनी जाळी विकून पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. रापणीचा रिवाज असा, की दोराला ज्याने हात लावला त्याला माशांचा वाटा मिळतो, मग तो वाटसरू का असेना. बाबांना त्याचा भारी अभिमान. "ओढूक माणसां येतत तोपर्यंत माझी रापण बंद होवची नाय," म्हणायचे.

त्या सकाळी जाळं जड लागलं. सगळे खूश, मीही ओढत होते. जाळं वाळूवर आलं तर आत बांगडे, पेडवे आणि त्यांच्यावर काळा चिकट राडा. कल्ल्यांत डांबर, डोळ्यांत डांबर. शी! तरीही बाबांनी रिवाजाप्रमाणे वाटे घातले. एकेक जण यायचा, वाट्याकडे बघायचा, हात वाळूत पुसून निघून जायचा. फोटोपुरता दोर ओढलेल्या एका पाहुणीने नाकाला रुमाल लावून आम्हालाच विचारलं, "तुम्ही लोक बीच साफ का ठेवत नाही?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा उरलेले वाटे मोजत होते.

मी तेव्हा पोर्तुगीजांच्या काळावर कादंबरी लिहीत होते. डिझेलच्या बोळ्यांनी जाळं पुसताना बाबांना सांगितलं, की आपल्या गलबतांना आपल्याच समुद्रात फिरायला फिरंग्यांचा परवाना घ्यावा लागे. नसला तर माल लुटत, गलबत जाळत.

बाबा पुसत राहिले. मग म्हणाले, "आणि आता ह्या जहाजांका परवानो कोण इचारता?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तक्रार घेऊन बंदर खात्याच्या कचेरीत गेलो. साहेबांनी विचारलं, जहाजाचं नाव काय? बाबा तिथे शुद्ध मराठीत बोलले, "साहेब, दुसऱ्याच्या दारात घाण करणारा नाव सांगून जातो का?" साहेब हसले. त्या हसण्याची मला डांबराहून जास्त किळस आली.

घरी आईने बरे दिसणारे चार बांगडे बर्फात ठेवले होते. ते तीनतीनदा धुवून तिने तिरफळं घालून तिखलं, म्हणजे आमचं झणझणीत कालवण केलं. पहिल्याच घासाला तोंडात रॉकेल. मी परसात जाऊन ओकले. परत आले तर बाबा ताटासमोर तसेच बसलेले. माशाचा काटा न् काटा चोखून खाणारा हा माणूस, ताटात मासा टाकणाऱ्याला आयुष्यभर शिव्या घालत आलेला. त्यांनी हाताने ताट बाजूला सारलं.

"सगळ्यांका सांग गो," मला म्हणाले, "उद्या रापण लावची नाय. परवाय नाय."

मग आईला म्हणाले, "बाजारात गेलंस तर कोंबडी घेवन ये."